बादली अर्धीच का भरते?

नमस्कार काका,

आम्ही डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो, दुसरं वर्ष चालू आहे. बेडरूममधला एसी घरमालकांचाच. मेअखेर तो गळायला लागला, पलंगाच्या उशाशी टपटप. जूनमध्ये एसीवाला सर्व्हिसिंग करून गेला, पुढचं गळणं थांबलं. पण पंधरा दिवसांनी खोलीत कुबट वास यायला लागला. कपाट ओढून पाहिलं तर मागच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपासून खाली काळे-हिरवे ठिपके! ब्लीचने पुसले, आठ दिवसांत पुन्हा हजर. त्यातच सहा वर्षांच्या मुलाला रात्रीचा खोकला. सासूबाई म्हणतात, ही करोनातली काळी बुरशी. घरमालक काका म्हणतात, तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे घरात वाळवता, म्हणून हे झालं. येत्या शनिवारी पेंटर पाठवतायत, खर्च निम्मा-निम्मा. एसीच्या पाण्याचा पाइप भिंतीतून ड्राय बाल्कनीत निघतो. तिथे मी बादली ठेवते आणि ते पाणी लादी पुसायला वापरते. पूर्वी रात्रीत बादली भरायची, आता अर्धीही भरत नाही, म्हणजे सर्व्हिसिंग चांगलं झालं असणार. मग बुरशी का? आणि निम्मा खर्च आम्ही द्यायचा का?

एक वाचक, डोंबिवली पूर्व

ताई,

तुमचं पत्र मी आधी बुरशीचं म्हणून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या बादलीपाशी थबकलो. तुम्ही ती गोष्ट जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

पावसाळ्यात एसीचं पाणी कमी होत नाही, वाढतं. हे पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतली वाफ. गार पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तशी ती थंड कॉइलवर जमते, खालच्या ट्रेमध्ये ओघळते आणि पाइपातून बाहेर जाते. जुलैत हवाच ओलीचिंब, त्यामुळे दीड टनाचा एसी चालू असताना तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतो. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो हे धरलं तरी सकाळपर्यंत तुमची बादली भरून वाहायला हवी. तुम्ही एसी पूर्वीइतकाच वेळ लावत असाल आणि खोली पूर्वीसारखीच गार होत असेल, तर उरलेलं पाणी कुठेतरी जातंय. ते बादलीत नाही, जमिनीवर नाही. राहता राहिली भिंत.

मी एकतीस वर्षं साइटवर काढली, त्यातली बरीचशी ठाण्याच्या पुढे. भिंतीतला ड्रेन पाइप कसा टाकतात ते जवळून पाहिलंय, म्हणून हा संशय. भिंतीला झिरी मारायची, पाऊण किंवा एक इंची पीव्हीसी पाइप बसवायचा, वळणावर एल्बो. जोडाला सोल्युशन लावायचं असतं. पण संध्याकाळची वेळ, सोल्युशनची डबी वाळून गेलेली, मुकादम ओरडतोय, मग पाइप एल्बोत नुसता खोचला जातो. वर माल भरला, पुट्टी मारली, रंग दिला की कुणाला काय कळतंय! आणि गंमत म्हणजे असा जोड वर्षानुवर्षं टिकतोही. कारण या पाण्याला नळासारखा जोर नसतो, ते आपलं उतारानं निमूट वाहत राहतं.

बिघडतं ते पाइप तुंबल्यावर. फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ आणि पाणी मिळून पाइपात एक बुळबुळीत चिकटा तयार होतो. तो वाढत गेला की पाणी मागे तुंबतं, ट्रे भरतो आणि पुढून टपकायला लागतं. हे तुमचं मे महिन्यातलं टपटप. एसीवाल्यानं बहुधा ब्लोअरनं किंवा पंपानं दाब देऊन पाइप मोकळा केला. त्याची काही चूक नाही, सगळे तेच करतात. पण दाब दिल्यावर तो चिकटा पुढे सरकून वळणावर अडकला असेल, किंवा न चिकटवलेला जोड हलला असेल, तर पाणी ट्रेमधून व्यवस्थित उतरतं आणि एल्बोपाशी भिंतीत झिरपतं. पुढचं टपटप बंद झालं, म्हणून आपण खूश. एसीचा पाइप खाली येऊन बाल्कनीकडे वळतो ती जागा साधारण कुठे येत असेल? तुमचे ठिपके गुडघ्याच्या उंचीपासून सुरू होतात, हे मला म्हणूनच बोलकं वाटलं.

आता हा झाला लांबून बांधलेला अंदाज. माझ्या शब्दावर भिंत फोडू नका, आधी दोन चाचण्या करा. पहिली तुम्ही आजच करू शकता. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर लांब-रुंद तुकडा घ्या. ठिपक्यांच्या जवळ, पण जिथे रंग अजून धड आहे तिथे, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. पट्टी सलग हवी, फट राहता कामा नये. चोवीस तास तसंच ठेवा, एसी रोजच्यासारखा वापरा. मग बघा: फॉइलची खोलीकडची बाजू दमट असेल तर ओल हवेतून येतेय. ती बाजू कोरडी, पण फॉइल काढल्यावर आतून, म्हणजे भिंतीकडून, पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीच्या पोटात आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवरही तसाच एक तुकडा लावा. तुलनेला बरा पडतो.

दुसरी चाचणी एसीवाल्याकडून करून घ्या. स्वतः करू नका, कारण इनडोअर युनिटच्या एका अंगाला इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि त्यावर पाणी गेलं तर नवीनच खर्च उभा राहील. मेन स्विच बंद करून, फिल्टर काढून, त्यानं एक लिटरच्या बाटलीनं कॉइलवरून हळूहळू पाणी सोडायचं. तुम्ही बाल्कनीत मोजपात्र घेऊन उभ्या राहा. पहिलं लिटर हिशेबात धरायचं नाही, ते ट्रे आणि पाइप ओले करण्यात जातं. लगेच दुसरं लिटर घालायला सांगा आणि दहा मिनिटं थांबून बाहेर किती आलं ते मोजा. जवळजवळ सगळं आलं तर पाइप निर्दोष, माझा अंदाज चुकला. अर्धंच आलं आणि पुढूनही काही सांडलं नाही, तर बाकीचं कुठे गेलं हे विचारायला नको. या चाचणीला घरमालक काकांना आवर्जून बोलवा. डोळ्यांदेखत गायब झालेल्या अर्ध्या लिटरशी वाद घालणं अवघड असतं.

पण काकांचं म्हणणंही पूर्ण उडवून लावू नका. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी धरतं. तुम्ही रात्रभर १८ वर एसी ठेवला आणि सकाळी उठल्याउठल्या तो बंद करून खिडक्या सताड उघडल्या, तर बाहेरची दमट हवा आत येते आणि गार भिंतीवर बसते. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर तिथलं पाणी सुकायला वारा नाही. मशीनमधून पिळून निघालेल्या एका लोडच्या कपड्यांतही लिटर-दोन लिटर पाणी असतं, तेही शेवटी खोलीच्या हवेतच जातं. तेव्हा कपडे बेडरूममध्ये वाळत घालू नका, आणि कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवा. जानेवारी २०२० पासून नव्या एसींना २४ अंशांचं डीफॉल्ट तापमान सक्तीचं झालंय ते विजेसाठी, पण भिंतीलाही तेच मानवतं. फक्त घामानं आलेली बुरशी सहसा कोपऱ्यात, कपाटाच्या मागे सगळीकडे थोडी थोडी पसरते. एका ठराविक उंचीवरून सुरू होऊन खाली उतरत नाही. निकाल फॉइलवर सोडा.

हे ड्रेन पाइपाचं शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आमच्या घरी मी एकदा एसीच्या पाइपाचं तोंड गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत सोडलं होतं. पाणी वाया जायला नको, आणि हिलाही बरं वाटलं. दोन महिन्यांनी कुंडीतली माती पाइपात चढून घट्ट बसली आणि एका पहाटे सगळं पाणी उलट फिरून आमच्या गादीवर. तुळस मात्र मजेत होती. म्हणून सांगतो, बादलीत पाइपाचं तोंड पाण्याखाली बुडेल असं कधीही ठेवू नका. तोंड पाण्याच्या वर, हवेत मोकळं राहिलं पाहिजे. बाकी ते पाणी लादीला, झाडांना खुशाल वापरा. प्यायला मात्र नाही.

समजा, पाइपच गळतोय असं निघालं. तर भिंत फोडायचा सल्ला देणारे दोन-तीन जण तुम्हाला नक्की भेटतील. ऐकू नका. तो भिंतीतला पाइप कायमचा सोडून द्यायचा, एसीकडचं त्याचं तोंड बंद करायचं आणि नवा पाइप भिंतीच्या बाहेरून न्यायचा. प्लास्टिकच्या केसिंग पट्टीत घातला की फारसा वाईट दिसत नाही, आणि पुढच्या वेळी तुंबला तर दहा मिनिटांत उघडता येतो. त्याला ढाळ हवा, दर मीटरला निदान एक सेंटीमीटर. मधे कुठेही पाइप वर चढता कामा नये. पाइप लवचिक असेल तर तो मधेच पोट सोडतो आणि त्या पोटात पाणी आणि चिकटा साठतो, म्हणून जागोजाग क्लॅम्प लागतात. खोलीतून जाणाऱ्या पाइपावर फोमचं आवरण हवं, नाहीतर थंड पाण्यामुळे पाइपालाच घाम फुटेल आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. त्याच वेळी इनडोअर युनिट लेव्हलमध्ये आहे का तेही बघून घ्यायला सांगा. ते पाइपाच्या उलट्या बाजूला जरा जरी कललेलं असलं तरी ट्रेमध्ये पाणी साचून राहतं.

पाणी थांबल्याशिवाय बुरशीला हात लावण्यात अर्थ नाही, हे तुम्ही ब्लीच वापरून अनुभवलंच. ब्लीच रंग उडवतं, त्यामुळे ठिपके गेल्यासारखे वाटतात. पुट्टी आणि गिलावा मात्र स्पंजासारखे असतात. आत मुळं तशीच राहतात, वर ब्लीचमधलं पाणी भिंतीला आणखी मिळतं. शिवाय बुरशी मेली तरी तिची धूळ अ‍ॅलर्जीला पुरेशी असते, ती खरवडून, पुसून घराबाहेर काढणं महत्त्वाचं. त्यासाठी साधं डिटर्जंटचं पाणी पुरतं. आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा, सासूबाईंनाही सांगा: ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही. अ‍ॅसिडनं क्लोरीन वायू सुटतो. बंद बेडरूममध्ये तो छातीला भयंकर त्रास देतो, जिवावरही बेतू शकतो.

सफाईच्या दिवशी मुलाला शेजारी किंवा आजीबरोबर बाहेर पाठवा. घरात दमा असलेलं कुणी असेल तर त्यानं या कामाला हात लावू नये. बेडरूमचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा आणि एसी दोन्ही बंद. पंखा चालू राहिला तर बुरशीचे कण कपड्यांवर, पडद्यांवर, सगळ्या खोलीत जातील. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. मग भिंत आधी फवाऱ्यानं ओली करायची. कोरड्या भिंतीवर ब्रश चालवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि नव्वद टक्के लोक तीच करतात (टक्का माझ्या अंदाजाचा). ओलं करून, साबणाच्या पाण्यानं नायलॉनच्या ब्रशनं घासायचं, फडक्यानं टिपायचं, फडकं दुसऱ्या बादलीत पिळायचं, तेच पाणी परत भिंतीला लावायचं नाही. पुट्टी फुगून पोपडे आले असतील तर तेही ओल्यानंच खरवडायचे, गिलाव्यापर्यंत. निघालेला कचरा आणि फडकी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून बाहेर. अमेरिकेतल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक ढोबळ ठोकताळा आहे: डाग एकूण दहा चौरस फुटांच्या आत, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट असेल तर घरच्या घरी साफ करायला हरकत नाही. त्याहून मोठा असेल तर हे काम करणारी माणसं बोलवा.

मग वाट बघायची. हा भाग कुणालाच आवडत नाही. भिजलेला गिलावा वरून दोन दिवसांत कोरडा वाटतो, पण आतून सुकायला पावसाळ्यात महिना-दीड महिना सहज घेतो. पंखा आता भिंतीकडे तोंड करून लावा, एसीचा ड्राय मोड दुपारी दोन-तीन तास चालवा, आणि दर आठवड्याला तीच फॉइल लावून बघा. फॉइलच्या मागे काही दिसेनासं झालं की रंगाचा विचार. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारणं म्हणजे ओल्या केसांवर टोपी घालण्यासारखं आहे. रंगाचा थर पाणी आत कोंडतो आणि दिवाळीच्या आधी पापुद्रे सुटतात. आपल्या जुन्या वाड्यांत दर वर्षी चुना का काढत, तर चुन्यातून भिंत श्वास घेते आणि तो अल्कलीयुक्त असल्यामुळे बुरशीला तिथे जगणं जड जातं. बेडरूमला आज कुणी चुना काढणार नाही, मलाही ते ठाऊक आहे. पण कपाटामागच्या त्या पट्ट्याला, जो कुणाला दिसतही नाही, काढला तर काय बिघडलं?

कपाटाचा सनमायका साबणाच्या पाण्यानं पुसून निघेल. पाठीचा पातळ प्लाय मात्र फुगला असेल तर काढून टाका, प्लायमधली बुरशी पुसून जात नाही. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात, ऊन मिळेल तेव्हा. पैठणी किंवा रेशमी साडी असेल तर ती थेट उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर टाकून नंतर ड्रायक्लीनला. डांबराच्या गोळ्यांनी वास झाकला जातो, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

एसीच्या आतही बघा. बंद करून, पुढची झडप हातानं थोडी उघडून टॉर्च मारा. आत लांबट गोल ब्लोअर दिसेल. त्याच्या पात्यांवर काळे ठिपके असतील तर भिंत कितीही घासली तरी रोज रात्री तो तुमच्या अंगावर तीच बुरशी फुंकणार. नुसतं फिल्टर धुऊन ते जात नाही, पिशवी बांधून जेट पंपानं करतात ती पूर्ण सर्व्हिस लागते. त्यानंतर एसी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर ठेवायची सवय लावा, कॉइल सुकते. काही नव्या मशीनमध्ये हे आपोआप होतं. फिल्टर मात्र दर पंधरा दिवसांनी तुमच्याच हातांनी धुवायचा.

आता मुलाचा खोकला. मी बांधकामातला माणूस, डॉक्टर नाही, त्यामुळे खोकला बुरशीमुळेच आहे असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात शाळेतून मुलं दर पंधरवड्याला काहीतरी घेऊनच येतात. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातल्या ओलीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ओल-बुरशी असलेल्या घरांत खोकला, छातीत घरघर आणि दमा यांचं प्रमाण जास्त असल्याचं नमूद केलंय. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा भिंतीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि खोकला त्या खोलीत झोपल्यावर वाढतो का, आजोळी गेल्यावर कमी होतो का, हे सांगा. त्यांना त्यावरून बरंच कळेल. तोपर्यंत त्याला हॉलमध्ये झोपवा. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खळगे पडायला लागले, धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

सासूबाईंची भीती समजण्यासारखी आहे. मे २०२१ मध्ये रोज टीव्हीवर काळी बुरशी, काळी बुरशी ऐकून आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. पण तो म्युकरमायकोसिस. त्याला काळी म्हणायचे ते त्यात मेलेल्या ऊतींचा रंग काळा पडतो म्हणून. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड्सचा मारा किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली अशा रुग्णांना झाला, आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. भिंतीवरची काळी बुरशी ही बहुधा घराघरांत सापडणाऱ्या साध्या जातींपैकी असते. नुसत्या रंगावरून जात ओळखता येत नाही आणि धोकाही मोजता येत नाही, म्हणून ती तपासणीला पाठवण्यात पैसे घालवू नका, कुठलीही निघाली तरी करायचं तेच आहे. फक्त घरात कुणाची केमो चालू असेल किंवा साखर खूप वाढलेली असेल तर त्यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. सासूबाईंना मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

राहिला निम्म्या खर्चाचा प्रश्न. करारपत्र काढा आणि दुरुस्तीचं कलम वाचा. सर्वसाधारण रीत अशी की नेहमीची सर्व्हिसिंग भाडेकरूची, आणि मशीनची मोठी दुरुस्ती, भिंतीतले पाइप, गिलावा हे मालकाचं. पण तुमच्या करारात काय लिहिलंय तेच आधी धरावं लागेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण पहिल्याच बोलण्यात काकांच्या तोंडावर कलम फेकू नका. त्यांच्या घराची भिंत आतून कुजतेय हे त्यांना कळलं तर ते तुमच्याआधी धावतील. मी तुमच्या जागी असतो तर आजच व्हॉट्सअ‍ॅपवर असं काहीतरी पाठवलं असतं:

"काका, नमस्कार. पेंटर पाठवताय त्याबद्दल आभार. पण एसीचं पाणी पूर्वीपेक्षा निम्मंच बाहेर येतंय, बाकीचं भिंतीत जातंय अशी शंका आहे. तसं असेल तर रंग टिकणार नाही आणि तुमचा खर्च फुकट जाईल. शनिवारी एसीवाल्याला बोलावते, पाइप तपासताना तुम्हीही या. सोबत भिंतीचे फोटो पाठवतेय. चहाला या म्हणजे बोलणंही होईल."

बोलणं गोडीत, पण लेखी आणि फोटोसकट. पुढे डिपॉझिटमधून भिंतीचे पैसे कापायची वेळ आलीच तर याच संदेशाची तारीख तुमच्या कामाला येईल. पाइप निर्दोष निघाला आणि ओल हवेतलीच ठरली, तर मात्र सफाईचा खर्च तुम्ही उचला, ते रास्त होईल.

आणि शनिवारी पेंटर आलाच तर त्याला परत पाठवू नका. फुगलेली पुट्टी खरवडणं हे त्याचंच काम आहे, तुमच्यापेक्षा तो ते निम्म्या वेळात करेल. आधी पाण्याची चाचणी होऊ द्या, मग भिंत ओली करून, त्यालाही मास्क देऊन, गिलाव्यापर्यंत खरवडून घ्या आणि तेवढ्याचीच मजुरी ठरवा. प्रायमर आणि रंगाचे डबे उघडू देऊ नका. फॉइल शुक्रवारी सकाळी लावा, म्हणजे तो शिडी घेऊन दारात येईल तेव्हा चोवीस तास झालेले असतील.